मुक्त आज्ञावली आणि तिच्या प्रतीचे मोल : एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

वाशीम जिल्ह्यातील महाविद्यालयात इतिहास शिकविणाऱ्या अध्यापकाने संगणकाच्या आज्ञावलींविषयी लिहावे, हे कोणास विषयांतर वाटण्याचा संभव आहे. म्हणून या लेखनाचे निमित्त प्रथम सांगणे उचित ठरेल. पदव्युत्तर वर्गातील माझा एक विद्यार्थी २०२३ साली आपला लघुप्रबंध स्वतः टंकलिखित करीत होता. लेखनासाठी लागणारी आज्ञावली त्याने आंतरजालावर शोधली, शोधयंत्राने सर्वांत वर दाखविलेले संकेतस्थळ उघडले आणि थोरल्या भावाच्या बँक कार्डावरून सुमारे आठशे रुपये भरून ती उतरवून घेतली. भाऊ मंगरूळपीर तालुक्यात शेती करतो. पुढे मुद्रणाच्या वेळी काही अडचण आली म्हणून तो संगणक घेऊन माझ्याकडे आला, तेव्हा मी सहज ‘मदत’ या यादीतील शेवटची ओळ उघडून पाहिली. तेथे स्वच्छ अक्षरांत लिबरऑफिस हे नाव होते, परवान्याचा उल्लेख होता आणि ही आज्ञावली निर्माण करणाऱ्यांचा निर्देशही होता. जी वस्तू तिच्या मूळ संकेतस्थळावरून कोणासही विनामूल्य घेता येते, तिच्यासाठी या कुटुंबाने पैसे मोजले होते.

विद्यार्थ्याची पहिली प्रतिक्रिया ‘फुकटची वस्तू विकली, म्हणजे चोरीच झाली’ अशी होती. माझीही तीच होती. परंतु या प्रश्नाची ऐतिहासिक बाजू तपासू लागल्यावर ही प्रतिक्रिया जशीच्या तशी टिकत नाही असे दिसून आले. मुक्त आज्ञावलीची प्रत विकणे हे त्या चळवळीच्या आरंभापासून मान्य आहे. किंबहुना चळवळीच्या प्रवर्तकानेच ते केलेले आहे. मग या व्यवहारात नेमके काय खटकते? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

कारंज्याच्या पोथ्या

प्रतीचे मोल आणि ग्रंथाचे मोल हा भेद आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. कारंजा लाड येथील बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ या परंपरांच्या जैन मंदिरांतून हस्तलिखितांचे मोठे संग्रह शतकानुशतके जपले गेले. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची जी सूची १९२६ साली प्रसिद्ध केली, तीमुळे या भांडारांकडे विद्वानांचे लक्ष वेधले गेले. त्यानंतर कारंजा जैन ग्रंथमालेतून अपभ्रंश भाषेतील ग्रंथ छापून निघाले. पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्य यांनी १९३१ साली, तर मुनी कनकामराचे ‘करकंडचरिउ’ डॉ. हिरालाल जैन यांनी १९३४ साली संपादित केले. डॉ. जैन हे त्या काळी अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात प्राध्यापक होते. दहाव्या शतकात मान्यखेट येथे रचलेले काव्य विसाव्या शतकातील अभ्यासकाच्या हाती पोहोचले, ते मधल्या काळात कोणी तरी पुनःपुन्हा त्याच्या प्रती करविल्या म्हणून.

या प्रती कशा होत असत? जैन परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने सांगितली आहेत. शास्त्रदान करू इच्छिणारा श्रावक किंवा श्राविका लेखकाकडून ग्रंथ लिहवून घेई आणि तो मुनी, आर्यिका अथवा मंदिराच्या भांडारास अर्पण करी. कागद, शाई, वेष्टन आणि लेखकाचे श्रम यांवर द्रव्य खर्च होत असे. त्याबद्दल कोणी आक्षेप घेतल्याचे वाचनात नाही. ग्रंथ मात्र कोणाच्या मालकीचा नव्हता. ज्याला दुसरी प्रत हवी असेल त्याने ती करवून घ्यावी.

येथे पोथीच्या शेवटी येणाऱ्या पुष्पिकेकडे लक्ष वेधावेसे वाटते. पुष्पिकेत लेखनाचा संवत, गावाचे नाव, भट्टारकांची परंपरा, दात्याचे कुल, प्रत कोणासाठी आणि कशाच्या क्षयार्थ लिहविली, तसेच अनेकदा लेखकाचे नाव येते. पाण्यापासून, तेलापासून, सैल बांधणीपासून पोथीचे रक्षण करावे, असे वाचकास बजावलेलेही आढळते. इतिहासाच्या अभ्यासकास ही पुष्पिका म्हणजे कालनिर्णयाचे साधन वाटते. पण मूळ व्यवहारात तिचे प्रयोजन निराळे होते. हे कोणी रचले, कोणी लिहिले, कोणाच्या द्रव्याने लिहिले आणि कोणाला दिले, याची ती प्रकट नोंद होती. पुष्पिका फाडून टाकलेली पोथी वाचता येते, परंतु ती कोठून आली हे सांगता येत नाही.

आज्ञावलीच्या ‘मदत’ यादीतील ती शेवटची ओळ मला पुष्पिकेसारखी वाटली. ही तुलना फार ताणू नये हे मान्य आहे. शास्त्रदानामागे धर्मभावना होती, परवान्यामागे कायदा आहे. तरीही पुढील विवेचनात तिचा उपयोग होईल.

फीत, चकती आणि शुल्क

रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि जानेवारी १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील नोकरी सोडली. कोणासही वापरता, अभ्यासता, बदलता आणि इतरांना देता येईल अशी संपूर्ण संगणकप्रणाली उभी करावी, हा त्यांचा संकल्प होता. १९८५ च्या आरंभी इमॅक्स हे त्यांचे संपादन-साधन लोक मागू लागले. जाळ्यावर ते विनामूल्य उपलब्ध होते. पण फारच थोड्यांना ते जाळे उपलब्ध होते. स्टॉलमन तेव्हा बेकार होते. त्यांनी १५० डॉलर घेऊन इमॅक्सची चुंबकीय फीत टपालाने पाठविण्यास सुरुवात केली. मुक्त आज्ञावलीच्या विक्रीचा हा बहुधा पहिला ठळक दाखला होय. त्याच वर्षी स्थापन झालेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने पुढे ही विक्री आपल्याकडे घेतली.

इंग्रजी ‘फ्री’ या शब्दाने या क्षेत्रात जितका घोळ घातला तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या शब्दाने घातला असेल. आपल्याकडे ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे दोन वेगळे शब्द असताना आपणही तो घोळ आयात केला, हे विशेष. १९८९ साली तयार झालेल्या आणि १९९१ साली सुधारलेल्या ग्नूच्या सार्वजनिक परवान्यात प्रत पोहोचविण्याच्या कृतीबद्दल शुल्क घेण्यास स्पष्ट मुभा आहे. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत तर प्रत्येक प्रतीसाठी कोणतीही किंमत घ्यावी किंवा घेऊ नये, असे म्हटले आहे. अटी आहेत त्या निराळ्या : हक्काची सूचना कायम ठेवावी, परवान्याची प्रत सोबत द्यावी, मूळ स्रोत मिळण्याची सोय असावी, आणि घेणाऱ्यासही तेच अधिकार मिळावेत.

याच्या उलट प्रयोगही झाला होता, आणि तो अधिक बोधप्रद आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्या परवान्यात पैसे घेऊन वाटप करण्यास पूर्ण मज्जाव होता. हाताळणीचा खर्चसुद्धा घेऊ नये, इतकी ती अट कडक होती. हेतू निर्मळ असला तरी व्यवहारात ती अडचणीची ठरली. जाळ्याशी संबंध नसलेल्या माणसाला चकत्यांवर प्रती करून देणाऱ्याने चकतीची किंमतही पदरचीच घालावी काय? मागण्या आल्यानंतर टॉरवाल्ड्स यांनी १९९२ च्या फेब्रुवारीपासून लिनक्स ग्नूच्या परवान्याखाली आणले व पैशावरील बंदी उठविली. लिनक्सचा पुढील प्रसार या निर्णयाशिवाय कल्पिता येत नाही. भारतापुरते बोलायचे तर ‘पीसी क्वेस्ट’ या मासिकाने १९९६ पासून लिनक्सच्या तबकड्या अंकासोबत वाचकांपर्यंत पोहोचविल्या. अंकाचे पैसे पडत, आणि ते देणाऱ्या कोणासही आपण फसलो असे वाटले नसावे. जेथे दूरध्वनीच्या तारेवरून एखादी मोठी धारिका उतरविणे म्हणजे रात्रभराचे काम होते, तेथे तबकडीला मोल होतेच.

याच सुमारास, १ जुलै १९९८ रोजी, अकोल्यापासून वेगळा होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांत संगणक पोहोचला तो प्रामुख्याने पुढील दशकात, आणि प्रशिक्षण केंद्रांच्या मार्गाने. ‘संगणक शिकणे’ म्हणजे एका विशिष्ट कंपनीचे ऑफिस शिकणे हे समीकरण तेव्हाच रूढ झाले. पर्याय आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला पर्यायाची खरी किंमत ठाऊक असण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

पुण्यात घडलेली अक्षरे

मराठी वाचकाच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत जवळचे प्रकरण टंकाचे आहे. लोहित या नावाने ओळखले जाणारे भारतीय लिप्यांचे टंक मूळ पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेने घडविले. रेड हॅट या लिनक्सवर व्यवसाय करणाऱ्या कंपनीने ते २००४ साली मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुले केले. व्यावसायिक संस्थेत घडलेली अक्षरे अशा रीतीने सर्वांची झाली. लिनक्सवर देवनागरी वाचणाऱ्या असंख्य लोकांनी ही अक्षरे पाहिली, पण त्यांचे नाव विचारले असेल असे वाटत नाही.

२०११ साली लोहित टंकांचा परवाना बदलून त्यांस मुक्त टंक परवाना, म्हणजेच ओपन फॉन्ट लायसन्स, लागू करण्यात आला. २००७ मध्ये सध्याच्या रूपात आलेल्या या परवान्यात एक लक्षणीय कलम आहे : टंक एकटा, सुटा विकता येणार नाही; दुसऱ्या आज्ञावलीसोबत मात्र तो विकता येईल. टॉरवाल्ड्स यांनी सोडून दिलेली बंदी येथे मर्यादित स्वरूपात पुन्हा दिसते. तिचे बळ किती, हा प्रश्नच आहे. एखादी क्षुल्लक आज्ञावली सोबत जोडली की अट पूर्ण होते, आणि याच कारणास्तव फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने हे कलम निरुपद्रवी मानले आहे. माझ्या मते यावरून इतकेच सिद्ध होते की, किंमतीवर बोट ठेवून मुक्ततेचे रक्षण करणे अवघड आहे.

भारत सरकारनेही या काळात एक उपक्रम राबविला. माहिती तंत्रज्ञान विभाग व सी-डॅक यांनी भारतीय भाषांसाठी टंक, कार्यालयीन लेखनाची आज्ञावली, न्याहाळक आदींचा संच तबकडीवर विनामूल्य देण्यास २००५ साली तमिळपासून आरंभ केला. पाठोपाठ हिंदी आणि पुढे मराठीसह अन्य भाषा आल्या. त्या संचातील कार्यालयीन आज्ञावली ओपनऑफिसवर आधारलेली होती. म्हणजे ज्या वस्तूची प्रत शासन घरपोच विनामूल्य देत होते, तीच वस्तू त्याच दशकात युरोपात शेकडो जण पैसे भरून घेत होते. तो प्रकार आता पाहू.

संकेतस्थळांचा व्यवहार

ओपनऑफिसचा उगम स्टारडिव्हिजन या जर्मन संस्थेच्या स्टारऑफिसमध्ये आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने ती संस्था १९९९ साली विकत घेतली, २००० मध्ये मूळ स्रोत खुला केला आणि २००२ साली ओपनऑफिसची पहिली पूर्ण आवृत्ती बाहेर पडली. सन ही कंपनी ओरॅकलकडे गेल्यानंतर सप्टेंबर २०१० मध्ये स्वयंसेवकांच्या मोठ्या गटाने वेगळे होऊन लिबरऑफिस सुरू केले. ओपनऑफिस २०११ मध्ये अपाची प्रतिष्ठानाकडे सुपूर्द झाले. दोन नावे, दोन अधिकृत संकेतस्थळे, आणि सामान्य वापरकर्त्याला दोहोंचीही पक्की ओळख नाही. संभ्रमावर जगणाऱ्या व्यवसायाला याहून सुपीक जमीन कोणती मिळणार?

या व्यवसायाची रीत पुढीलप्रमाणे असते. प्रसिद्ध आज्ञावलीच्या नावाशी मिळतेजुळते संकेतस्थळ उभे करावयाचे, शोधयंत्रास जाहिरातीचे पैसे देऊन ते अधिकृत संकेतस्थळाच्याही वर आणावयाचे आणि धारिका देण्यापूर्वी नाव, पत्ता व पैसे मागावयाचे. पैसे आज्ञावलीचे आहेत असे बहुधा म्हटलेले नसते. ते ‘सदस्यत्वाचे’, ‘साहाय्याचे’ किंवा ‘अमर्याद उतरवणीचे’ असतात, आणि तसा खुलासा पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो. कायद्याच्या दृष्टीने हा खुलासाच विक्रेत्याची ढाल ठरतो.

युरोपीय संघाच्या न्यायालयाने ५ जुलै २०१२ रोजी निकालात काढलेले कंटेंट सर्व्हिसेस या कंपनीचे प्रकरण या संदर्भात मुळातून वाचण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये नोंदलेल्या आणि जर्मनीतील मानहाइम येथून चालणाऱ्या या कंपनीच्या जर्मन संकेतस्थळावर विनामूल्य आज्ञावली तसेच सशुल्क आज्ञावलींच्या चाचणी-आवृत्त्या उतरविण्याची सोय होती. त्यासाठी अर्ज भरून करार करावा लागे आणि वर्षाला ९६ युरो आगाऊ द्यावे लागत. करार रद्द करण्याचा हक्क सोडल्याची खूणही त्याच अर्जात करावी लागे. ऑस्ट्रियातील श्रमिकांच्या प्रातिनिधिक संस्थेने ग्राहकांच्या वतीने दावा केला. न्यायालयापुढील मुद्दा, लक्षात घ्या, ‘विनामूल्य वस्तूचे पैसे का घेतले’ हा नव्हता. कराराच्या अटी ग्राहकास टिकाऊ स्वरूपात दिल्या गेल्या काय, हा होता. केवळ दुव्यामागे ठेवलेली माहिती ग्राहकास ‘दिली’ असे म्हणता येत नाही, कारण विक्रेता ती केव्हाही बदलू शकतो, असा निर्णय झाला. जर्मनीने त्याच वर्षी १ ऑगस्टपासून आंतरजालावरील विक्रीच्या कळीवर ‘पैसे देण्याच्या बंधनासह मागणी’ अशा अर्थाचे स्पष्ट शब्द असणे अनिवार्य केले. सदस्यत्वाच्या सापळ्यांना तेथे त्यामुळे मोठा पायबंद बसला.

नाव बदलून विकणे हा त्याहून चतुर प्रकार. त्रिमितीय चित्रणाची ब्लेंडर ही आज्ञावली मुक्त व्हावी म्हणून २००२ साली जगभरच्या लोकांनी अवघ्या सात आठवड्यांत एक लाख युरो जमविले आणि गुंतवणूकदारांकडून ती सोडवून घेतली. पुढे तीच आज्ञावली निराळ्या नावांखाली, जणू नवे उत्पादन असल्याप्रमाणे, विकली जाऊ लागली आणि ब्लेंडरच्या मंडळींना वापरकर्त्यांना सावध करावे लागले. व्हीएलसी या लोकप्रिय चित्रफीत-दर्शकामागील व्हिडिओलॅन संस्थेनेही २०११ साली अशाच संकेतस्थळांविरुद्ध जाहीर तक्रार केली. तेथे तर पैशांखेरीज अनावश्यक जाहिरात-आज्ञावल्याही सोबत गळ्यात मारल्या जात होत्या. व्हीएलसीचा उगम पॅरिसमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात आहे, हे आपल्या प्रकल्प-वहीत अडकलेल्या विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगतो.

या साऱ्यांत पुष्पिकाच नाहीशी केलेली आहे. पोथीचा लेखक मोबदला घेई, परंतु ग्रंथ आपण रचला असे म्हणत नसे, आणि तो इतरत्र मिळतो हे लपवीतही नसे. येथे धारिकेच्या पोटात मूळ नाव शिल्लक असते. संकेतस्थळाच्या दर्शनी पानावर मात्र ती वस्तू विनामूल्य आहे, ती कोणी घडविली आणि तिचे खरे घर कोठे आहे, या तीनही गोष्टी गाळलेल्या असतात. ग्राहक जे आठशे रुपये देतो ते प्रतीचे मोल नसून त्याच्या अज्ञानाचे मोल असते.

कायद्याची मर्यादा

सरसकट बंदी हा यावरचा उपाय सोपा वाटतो, परंतु तो करून पाहिला गेला आहे. मायक्रोसॉफ्टने २०२२ च्या जूनमध्ये आपल्या आज्ञावली-भांडारात, मुक्त स्रोत असलेल्या वा अन्यत्र विनामूल्य मिळणाऱ्या आज्ञावलींवर नफा मिळविण्यास मनाई करणारा नियम जाहीर केला. हेतू तोतया विक्रेत्यांना रोखण्याचा होता. परंतु त्याचा फटका खऱ्या निर्मात्यांना बसणार होता. क्रिता या चित्रकलेच्या आज्ञावलीचे निर्माते स्वतःच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य देतात आणि अशा भांडारांतून तीच सशुल्क विकून कामाचा खर्च भागवितात. विरोध झाला आणि पुढील महिन्यातच कंपनीने नियमातील तो उल्लेख मागे घेतला. ३० वर्षांपूर्वीच्या टॉरवाल्ड्स यांच्या अनुभवाची ही पुनरावृत्तीच म्हणता येईल.

भारतात ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. त्याखाली ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या रचनांचे १३ प्रकार सांगितले असून त्यांत सदस्यत्वाच्या सापळ्याचा समावेश आहे. हे स्वागतार्ह आहे. परंतु माझ्या विद्यार्थ्याच्या प्रकरणात सदस्यत्व नव्हते, पैसे एकदाच घेतले होते, वस्तू मिळाली होती आणि ती उत्तम चालत होती. सेवेतील त्रुटी दाखवावी तर ती नाही. आज्ञावलीचा परवाना विक्रीस आड येत नाही. उरतो तो अनुचित व्यापार प्रथेचा मुद्दा : महत्त्वाची माहिती दडवून ग्राहकाची दिशाभूल केली, हा. तो मांडता येण्याजोगा आहे असे एका वकील स्नेह्यांचे मत पडले. व्यापारचिन्हाच्या गैरवापराचा दावा मात्र मूळ प्रतिष्ठानच करू शकते, ग्राहक नव्हे.

तक्रार करावी असे मी त्याला सुचविले. दोन दिवस विचार करून त्याने नकार दिला. आठशे रुपयांसाठी वाशीमला चार खेपा घालाव्या लागतील, आणि भावाला अजून काही सांगितलेले नाही, हे त्याचे कारण होते. लघुप्रबंध वेळेत सादर झाला. विभागातील इतर विद्यार्थ्यांना आता आम्ही लिबरऑफिस आणि मराठी टंक पेनड्राइव्हवर देतो; पेनड्राइव्ह ज्याचा त्याने आणावयाचा असतो. ते संकेतस्थळ परवा पुन्हा उघडून पाहिले. ते चालू होते आणि किंमत वाढली होती.